ताईच्या मतदानाआधी

माझी थोरली बहीण नेदरलँड्सच्या संसदेत खासदार होती, हे बाभुळगावात कोणाला नव्याने सांगावं लागत नाही. शेतकीचं शिक्षण घ्यायला गेली आणि तिथल्याच एका शाळामास्तराशी लग्न करून राहिली. आधी त्यांच्या नगरपालिकेत निवडून आली, मग संसदेत. सभागृहात सायकलने जायची. तिचा विषय एकच होता : घरातल्या म्हाताऱ्या, आजारी माणसांचं करणाऱ्यांना पगारी रजा मिळाली पाहिजे. त्यासाठी ती वर्षानुवर्षं भांडली, थोडीफार मिळवलीही.

इकडे आम्हाला त्यातलं फारसं कळत नव्हतं. चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला आणि लोक माझ्याकडे कामं घेऊन येऊ लागले. खासदाराच्या भावाकडे जायचंच असतं, तसे. कोणाची बदली, कोणाच्या गल्लीतली नाली. समोरच्या गॅरेजवाल्या चाचांनी विचारलं, तिचा मतदारसंघ कोणता? मी म्हटलं, तिथे तसं नसतं, सगळा देश मिळून एकच. चाचांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मंग त आपल्या खासदारापेक्षा मोठीच झाली ना बाप्पा."

हे गावात पसरलं. मी तहसीलमधला कारकून. साहेब मला बसायला सांगू लागले. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. ताईच्या कानावर घालतो, म्हणायचो. घातलं कधीच नाही. घालून उपयोग तरी काय होता? पण लोक दारात यायचे ते मला आवडायचं. हे लिहितानाही जड जातं आहे, पण आवडायचं.

ताई दुसऱ्यांदा उभी राहिली, त्याच सुमारास आईच्या पोटात गाठ निघाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरीच ठेवा म्हटलं. त्याचा अर्थ मला समजला. आईलाही समजला असावा, कारण घरी आल्या आल्या ती म्हणाली, "पोरीले बोलाव."

तेव्हा ताई तिकडे गावोगाव फिरत होती. पक्षाच्या यादीत तिचं नाव फार खाली होतं. लोकांनी तिच्याच नावावर खूण केली तरच ती निवडून येणार होती. फोनवर तिचा घसा बसलेला असायचा. आई कशी आहे, विचारायची. मी म्हणायचो, पित्त झालंय, झोपली आहे. ती इकडे निघून आली तर तिकडे पडणार, हे मला दिसत होतं. ती पडली की मीही पडणार होतो. तिची काळजी होती, नाही असं नाही. पण माझ्या मनात आधी काय आलं, ते मला माहीत आहे.

आई रोज सांगायची, पोरीले बोलाव. तिच्या पायांची नखं वाढली होती. माझी बायको काढायला बसली तर आईने पाय आखडून घेतले. "पोरगी काढीन. ते येऊ दे." मी म्हणायचो, मतदान झालं की येते.

मतदानाच्या चार दिवस आधी आई गेली, तेव्हा कुठे मी फोन केला. ताई पोचली तोवर अस्थीच उरल्या होत्या. दारातच तिने विचारलं, मला आधी का नाही कळवलं? आणि मी म्हणालो, आईनेच शपथ घातली होती. पोरीचं काम मोठं आहे, तिला मधून उठवू नको, म्हणाली.

ताई उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "असं म्हणाली ती?" मी मान हलवली.

ती निवडून आली. पुढे तिच्या भाषणांत, मुलाखतींत हे वाक्य येत राहिलं. मरणाच्या दारातही माझ्या आईने माझं काम आधी धरलं. तिकडची माणसं त्यावर डोळे पुसत, असं मेहुण्यांनी मला सांगितलं.

यंदा ताईने राजकारण सोडलं आणि महिनाभर राहायला आली. शाळेने सत्कार ठेवला. ती माइकसमोर उभी राहिली आणि मुलींना तेच सांगू लागली, या वेळी मराठीत. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी चाचा रडत होते. मला मात्र बसवेना.

घरी आल्यावर तिने शाल काढून खुर्चीवर टाकली, तेव्हा मी सांगून टाकलं. आईने शपथ घातली नव्हती. ती तुला बोलावत होती. रोज. नखांचंही सांगितलं. मी का बोलावलं नाही, तेही सांगितलं. तुझ्यासाठी, असं म्हणून पुन्हा तिच्याआड लपलो नाही.

ताई भिंतीकडे बघत होती. तिची ती सगळी भाषणं मी एका दमात खोटी करून टाकली होती.

"मी आले असते रे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

मला वाटलं, आता ती बॅग भरेल. ती आत गेली, तोंड धुऊन आली, आणि आईच्या रिकाम्या खाटेवर बसून म्हणाली, आता सगळं सांग. काय खायची, कोणाशी बोलायची, सगळं. ते दिवस माझ्याकडे नाहीतच.

मी सांगत गेलो. पातळ वरण, खिडकीकडे डोकं करून पडणं, दुपारची ग्लानी. ताई अडवून अडवून विचारत होती. हसायची का कधी?

हसायची, मी म्हटलं. मोबाइलवर तुझं संसदेतलं भाषण लावून द्यायचो. तिला एक अक्षर कळायचं नाही, पण शेवटपर्यंत बघायची. एकदा मला म्हणाली, "हे एवढी कोणाशी भांडून राह्यली? घरी त तोंडातून शब्द निघत नव्हता इच्या."

ताईला हसू फुटलं. मग तिने पदर तोंडावर धरला आणि आईसाठी रडली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने मला उठ म्हटलं नाही.