पहिला अध्याय कुणाचाच नाही

आमच्या यांना अर्धांगवायू झाला त्याला पाच महिने झाले होते, आणि त्या पाच महिन्यांत मी देवावर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नसेन. यांचा हात थोडा हलायला लागला, पण वाचा गेली ती गेलीच. बोलण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज नावापासून सुरुवात करा. मी रोज सकाळी विचारायची, “तुमचं नाव काय?” आणि हे खिडकीकडे बघत बसायचे. त्यात पिपरी मेघेतलं निम्मं गाव येऊन उपाय सांगून जायचं. दारात चपला दिसल्या तरी माझं डोकं फिरायचं.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. विश्व अमर्याद नसेल, काळही मोजकाच असेल, तर त्याला पहिला क्षण असणारच, हे मुलांना छातीठोकपणे सांगत आले. तसाच मी यांच्या आजाराचा पहिला क्षण शोधत होते. आदल्या दिवशी हातातून कप सुटला तेव्हा? की त्याआधी, डोकं दुखतंय म्हणाले आणि मी “उन्हात कशाला हिंडता?” म्हणून झापलं तेव्हा? प्रत्येक क्षणामागे आणखी एक क्षण निघायचा, आणि प्रत्येकात मी हजर. हात जोडले की देवालाही तेच विचारायची, सगळ्याची सुरुवात तूच केलीस ना, मग हेही तूच केलंस.

एका गुरुवारी दारावर नवीनच भाजीवाली आली. मेथीची जुडी देता देता तिला देवघरातली सासूबाईंची पोथी दिसली.

“बाई, आमच्या चक्री पारायणात येता काय? जितके अध्याय तितक्या बाया. दर गुरुवारी जिनं तिनं आपल्या घरी एक वाचाचा, का झाली पोथी पुरी. पुढच्या गुरुवारी पुढचा. एक जण पोरीच्या बाळंतपणाले गेली, तिचा अकरावा आज तसाच राह्यला.”

मी फटकन म्हटलं, “वाचायचंच तर पहिल्यापासून वाचीन. मधूनच कसली सुरुवात?”

“मंग तुमच्यासाठी साऱ्यायनं थांबाव काय? पहिला आज एकीकडे हाय, पुढच्या गुरुवारी दुसरीकडे. मी चौदाव्यापासून धरलं. शेवटचा झाला का पहिला येते. एवढं काऊन अडून राह्यल्या?” तीही माझ्यावर वैतागली होती.

ती गेली आणि मी तणतणत पोथी काढली. अध्याय मोजकेच, पण फिरत राहिले तर पहिला कोणता म्हणायचा? मोजक्या गोष्टीला सुरुवात असलीच पाहिजे, हे मला कुणी सांगितलं होतं? विश्वाचं काय ते मला आजही ठाऊक नाही. पण एवढा साधा प्रश्न तीस वर्षांत पडला नाही, याचाच मला राग आला.

यांच्या पलंगाशी बसून मी अकरावा अध्याय काढला आणि घाईघाईत वाचू लागले. एका ओवीत “मस्तक ठेविले” इथवर आले आणि अडखळले, कारण पानाचा कोपरा फाटलेला होता.

“पायी,” हे म्हणाले.

मी वर पाहिलं. यांचे ओठ थरथरत होते. लहानपणी यांच्या आईच्या तोंडून या ओव्या यांनी शेकडो वेळा ऐकल्या असतील, त्या कुठेतरी शाबूत राहिल्या असतील, असं कुणी म्हणेल. असेल. मला वाद घालायचा नाही. आजार कुठून सुरू झाला, चूक कुणाची, हे सगळं ओझं मी त्याच ओवीपाशी देवाच्या पायावर ठेवलं आणि फार दिवसांनी पोटभर रडले. डोळे भरल्यामुळे पुढची अक्षरं दिसेनात, म्हणून थांबले.

“वाच न!” हे माझ्यावर खेकसले.

पाच महिन्यांनी या घरात माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी चिडलं होतं. देवा, तुझे उपकार कसे फेडू?