आईच्या उन्हातले खांब

आईला ऑक्सिजनचं मशीन लागलं तेव्हापासून माझं निम्मं लक्ष प्लगवरच्या लाल दिव्याकडे असतं. भाजी निवडताना, वह्या तपासताना, अगदी जेवतानासुद्धा. लाइट गेली की ते मशीन एकदा किंचाळतं आणि गप्प होतं. मग इन्व्हर्टर, तो दमला की सिलिंडर, आणि सिलिंडरवाला फोन उचलेपर्यंत माझी नुसती उलघाल. थंडीच्या सुरुवातीला एकदा तो वेळेवर आलाच नाही. आईची नखं निळी पडली. त्या दिवशी मी ठरवलं, आता काहीही होवो, सोलर बसवायचंच.

काशीतलं पंचगंगा घाटावरचं घरही आम्ही तिच्या श्वासापायीच सोडलं होतं. तिथल्या पायऱ्या तिला झेपेनात. शहराबाहेर हे पत्र्याचं बैठं घर घेतलं, मायलेकींपुरतं. जुन्या पत्र्याला पॅनेलचा भार सोसणार नव्हता, म्हणून ती अंगणात उभी करायची ठरली. सिमेंटचे पाये घालायचे तर खणा, ओता, पाणी मारा, वाळायची वाट बघा. दुकानदार म्हणाला, स्क्रूवाले खांब घ्या. यंत्राने जमिनीत फिरवत न्यायचे आणि त्याच दिवशी वर पॅनेल चढवायची. बाकी तो बरंच बोलला, पण मला 'त्याच दिवशी' एवढंच ऐकू आलं.

आमच्या अंगणात ऊन दोनच जागी पडतं, उरलेलं शेजारच्या उंच घराने गिळलंय. एक जागा कुंपणाच्या भिंतीलगत. दुसरी ओसरीसमोर, ती आईची. नळी लांब घेतली होती, ती खिडकीतून तिच्या खुर्चीपर्यंत बरोब्बर पुरायची. इथल्या थंडीत न्याहारीनंतर तिथे बसून कोथिंबीर निवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चार शब्द सुनवायचे, एवढंच सुख तिच्या वाट्याला उरलं होतं. त्या जागेला हात लावायचा नाही, हे मी मिस्त्रीला आल्याआल्याच बजावलं.

मिस्त्री आणि त्याचा जोडीदार, दोघंही बोलघेवडे बनारसी. धूळ उडणार म्हणून आईला आत निजवलं होतं. भिंतीलगत त्यांनी पहिला खांब उभा धरला, त्याच्या डोक्यावर पेट्रोलचं यंत्र चढवलं आणि लेव्हलची पट्टी माझ्या हातात दिली. तिच्यातला बुडबुडा मधोमध राहतोय का, तेवढं बघायचं. मी बघत होते, पण कान आत होते. दोन खांब कण्हत कुंथत जमिनीत शिरले. तिसरा मात्र थोडा गेला आणि एकदम सुटल्यासारखा गरगर फिरायला लागला. यंत्र थांबवून मिस्त्री म्हणाला, "दीदी, नीचे त खाली हौ!"

आतून लगेच आईचा आवाज आला, "गेला का खाली? गुणाचा गं बाई! आता चहा टाक त्यांना."

सगळा जन्म काशीत गेला तिचा, हिंदी तिला आपल्या भाषेइतकीच येते. पण घराच्या आत तिचे कान मराठीच असतात.

मिस्त्रीने सळई खुपसून पाहिली. जुना शोषखड्डा असावा, वरवर बुजवलेला. "भरना पड़ेगा, ढलाई करनी पड़ेगी. टाइम लगेगा," तो म्हणाला. म्हणजे पुन्हा सिमेंट ओता आणि वाळायची वाट बघा. मग त्याची नजर ओसरीसमोरच्या खुर्चीवर गेली. "इधर तो बढ़िया धूप है, दीदी."

"इधर नहीं!" मी एवढ्या जोरात ओरडले की बिचारा सळई टाकून दोन पावलं मागे सरला. चूक त्याची नव्हती. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं, कित्येक दिवसांत सलग झोप नव्हती.

मी आत गेले. "आई, त्यांचं खाली म्हणजे आपलं रिकामं. खांब धरतच नाही तिथे."

ती हसायला लागली, नळी नाकावरून सरकेपर्यंत हसली. मी ती नीट बसवली. मग ती म्हणाली, "मग माझ्या जागेवर लाव की."

"आणि तू कुठे बसशील?"

"मी कुठे जातेय? आहेच इथे नळीच्या टोकाला."

"काही नको. थांबू थोडे दिवस."

"उन्हात बसून मरायचं होतं तर घाट काय वाईट होता गं?" ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून निजली. यापुढे वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं हवंच होतं.

भिंतीजवळचे खांब उलटे फिरवून काढले. आईच्या जागेवरची जमीन टणक निघाली, खांबांना तिने चांगलं धरलं. संध्याकाळी पॅनेल चढली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि मशीन किंचाळलंच नाही, तसंच गुरगुरत राहिलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. आनंदाने वगैरे नाही, थकव्याने.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री बोल्ट आवळायला आला. आईने खुर्ची तिथेच मांडायला लावली होती, पॅनेलच्या उंच कडेखाली. सावलीत, शाल कानापर्यंत ओढून, मांडीवर कोथिंबीर घेऊन. रोज मी सांगायची, इथे ऊन नाही आता. रोज ती म्हणायची, सवय आहे.

"माताजी, छाँव में काहे बैठी हैं?" मिस्त्रीने विचारलं.

"कुछ नहीं भैया," आई म्हणाली, "हम तो खाली बैठे हैं."

त्याने मान हलवली आणि कामाला लागला. त्याच्या भाषेत म्हातारी रिकामी बसली होती. आमच्या भाषेत ती नुसती पॅनेलच्या खाली बसली होती. अंगण धड घरातही नाही आणि धड बाहेरही नाही. तिने कोणत्या भाषेतलं खाली म्हटलं, ते मी विचारलं नाही. रिकामं असं उत्तर आलं असतं तर मला ते झेपलं नसतं. मी आतून दुसरी शाल आणली आणि तिच्या पायांवर घातली.