दाजी आणि मुकी खोली

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, विद्यापीठाच्या बसचे ड्रायव्हर. पण ऐट अशी की विद्यापीठ यांनीच काढलंय आणि कुलगुरूंना भाड्याने दिलंय. नदीपलीकडे दुसरं विद्यापीठ आहे. त्याचं नाव दाजी तोंडात घेत नाहीत, 'पलीकडचे' म्हणतात. दरवर्षी आपल्या मुलांना सामन्यासाठी तिकडे नेतात, मागच्या फाटकातून मैदानाशी बस लावतात आणि सामना संपेपर्यंत खिडकीतून ओरडतात. पाणीसुद्धा घरून नेलेलं. पलीकडच्यांच्या नळाला त्यांनी कधी तोंड लावलं नाही.

आणि त्यांचीच मुलगी म्हणाली, "मला पलीकडे शिकायचंय. आवाजाचं शास्त्र तिथेच आहे."

दाजी ओरडले. म्हणजे नेहमीसारखंच बोलले. बसचं इंजिन सीटला लागून, त्या घरघरीत जन्म गेलेला. त्यांना कमी ऐकू येतं आणि बोलतात ते शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असं. जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यायची. भाची मात्र हळू बोलणारी. त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य घरात तीनदा होतं: एकदा तिच्या आवाजात, एकदा मोठ्याने, आणि तरी "काय?" आलं की ताई स्वयंपाकघरातून ओरडून सांगते.

"एकदा बघायला चला, बाबा," ती म्हणाली. "मग नको म्हणालात तर नाही जाणार." पोरगी शब्दाची पक्की, म्हणून तर मला धास्ती. भांडण झालं तर मध्ये पडायला ताईने मलाही धाडलं.

दाजी आपल्या विद्यापीठाची टोपी मुद्दाम घालून आले. "वाट मला पाठ आहे," म्हणत थेट मागच्या फाटकाशी घेऊन गेले. वॉचमन म्हणाला, "काका, आज सामना नाही."

वळसा घालून पुढून आत शिरलो आणि दाजींची चाल मंदावली. इतकी वर्षं मैदानाकडेच्या ज्या भिंतीकडे बघून घसा फोडला, तिच्यामागे हे सगळं होतं! दुतर्फा जुनी झाडं, खाली पुस्तकं उघडून बसलेली मुलं. वाचनालयात तर मीही थक्क झालो. छतापर्यंत पुस्तकं, उंच खिडक्यांतून आलेलं ऊन, एवढी माणसं आणि ऐकू येते फक्त पानांची सळसळ. दाजींनी टोपी काढून खिशात कोंबली. "उकडतंय," म्हणाले. उकडत वगैरे काही नव्हतं.

शेवटी एका विद्यार्थिनीने आम्हाला तळघरात नेलं. "ही आमची मुकी खोली. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला घुमत नाही." जाडजूड दार. आत भिंतींना, छताला, सगळीकडे स्पंजचे हातभर लांब सुळके. पायाखाली तारेची जाळी, तिच्याखालीही तेच सुळके. दार लागलं आणि जगाचा आवाज बंद झाला. मी टाळी वाजवली, ती हातातल्या हातात विझली.

दाजी कान देऊन उभे. "काहीतरी धडधडतंय."

"तुमचं काळीज, काका," ती विद्यार्थिनी म्हणाली.

"चालू आहे म्हणजे," दाजी म्हणाले, पण हसले नाहीत.

तेव्हा भाची बोलली. तोंडातल्या तोंडात, घरी कधीच पोचलं नसतं अशा आवाजात. "बाबा, येऊ मी इथे?"

मी "काय?"ची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही.

दाजी नुसते तिच्याकडे बघत होते. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून तिने आवाज चढवला, "बाबा, मी विचारलं..."

"ओरडू नकोस, बाळ. आलं ऐकू." त्यांचे डोळे भरले होते. "तसंच विचार. मघाशी विचारलंस ना, तसंच."

तिने पुन्हा विचारलं, तितक्याच हळू.

"ये," दाजी म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.