चालेल म्हणजे किती?

घरात भाषांतरवाली सून आली की किस्से वखारीतल्या भुशासारखे साचतात. झाडून झाडून किती झाडणार? रे रोडच्या लाकडाच्या वखारीत माझा जन्म गेला. शिक्षण चौथी. काळाचौकीच्या आमच्या खोलीत मानसी दिवसभर कॉम्प्युटरवर हॉटेलांच्या इंग्लिश जाहिराती फ्रेंचमध्ये करते. हे किस्से घडले तेव्हा ती ट्रायलवर होती. पर्मनंट झाली तर काम घरूनच, नाहीतर ती आणि माझा संदीप पुण्याला नोकरी बघणार. मी म्हटलं, "जा की! मला काय?"

०

एकदा म्हणाली, "बाबा, इंग्लिशवाल्याने गादी 'रिअली, अॅब्सोल्युटली, इन्क्रेडिबली' मऊ लिहिलीय. मी फ्रेंचमध्ये नुसतं 'त्रे' टाकलं. म्हणजे खूप."

"तिनाचा एक? बाकीचे दोन खाल्लेस?"

"फ्रेंच गिऱ्हाइकाला एवढं कौतुक ऐकवलं की संशय येतो!"

परदेशी माणसाबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

०

शेजारच्या गावकर वहिनींनी बांगड्याचं तिखलं आणलं. मी जेवत असताना विचारलं, "काय ओ भाऊ, एकदम फर्स्टक्लास झालां ना?"

"खाता येतं."

वहिनी फुगल्या. मानसी आतून ओरडली, "वहिनी, बाबांनी तिसऱ्यांदा भात घेतलाय! म्हणजे 'एक्स्ट्रीमली'!"

०

गणपतीच्या आधी माझ्या छातीत कळ आली. डॉक्टरने विचारलं, "आजोबा, किती दुखतंय?"

"थोडं."

तो पुढच्या पेशंटकडे वळला. मानसी आडवी उभी राहिली. "डॉक्टर, यांचं थोडं म्हणजे भयंकर! आधी ईसीजी काढा!"

काढला. त्याच दुपारी ऑपरेशन. शुद्धीवर आलो तर मानसी समोर, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "तुझं काम बुडालं ना?" तोंडाने मला एवढंच येतं. म्हणून इथे लिहितो: पोरीने मला वाचवलं.

०

मानसीच्या कंपनीतल्या पॅरिसच्या मॅडमने तिचं काम तपासून कळवलं, 'वाईट नाही.'

माझं डोकं फिरलं. "एवढी राबतेस आणि नुसतं वाईट नाही? दे तिचा नंबर!"

मानसी खोलीभर नाचत होती. "बाबा, ती अगदी तुमच्यासारखी आहे!"

०

परवा मेल आला. पर्मनंट!

"बाबा, पुणं कॅन्सल. आता इथेच राहायचं. चालेल?"

मी चष्मा पुसायला घेतला. "चालेल."

तिने तिथूनच संदीपला फोन लावला. "अरे ऐक ना, बाबा आनंदाने वेडे झालेत!"