मशीनचा आहे, मी म्हणाले

"हाऊ तं मना आवाज शे," अक्का भर दुकानात म्हणाली.

धुळ्यात साड्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. स्पीकरवर जाहिरातीचं गाणं वाजत होतं, आमच्या स्टुडिओनं केलेलं. पाहुणे हसले. स्टुडिओचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणतो, तेही हसले. "बाई, हे कॉम्प्युटरनं गायलंय. तुम्हाला साधा माईक तरी धरता येतो का?" मग माझ्याकडे वळले. "सांग हिला. कुणाचा आवाज आहे?"

अक्का म्हणजे माझी मोठी काकू, गावाहून उद्घाटन बघायला आलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती माझ्याकडे पाहत होती. विश्वासानं.

"मशीनचा आहे," मी म्हणाले.

ती दाराशी चपला शोधायला लागली. एक सापडेना. सगळ्यांसमोर वाकून शोधत राहिली. मी जागची हललेही नाही.

मला सगळं माहीत होतं. आमच्या गावात हळदीची अहिराणी गाणी अक्काशिवाय होत नाहीत. पण मांडवात तिला कुणी बसवलं नाही. आमच्या जातीच्या बाईनं कडेला बसायचं, गायचं, जेवण पदरात बांधून घरी आणायचं. आवाज सगळ्यांना हवा. बाई नको. त्याच चिडीनं मी शिकले, स्टुडिओत एडिटर झाले. आणि मीच तीन दुपारी तिच्यासमोर रेकॉर्डर ठेवला. "अक्का, तुझी गाणी जपून ठेवायचीयत." खोटं. सरांना एआयला शिकवायला आवाज हवा होता. मला पर्मनंट व्हायचं होतं.

तिसऱ्या दुपारी तिनं आपल्या मेलेल्या पोरीचं गाणं म्हटलं. स्वतः जुळवलेलं. मध्येच तिचा आवाज फाटला. मी तेही मशीनला दिलं. साडीच्या जाहिरातीत ते फाटणं जसंच्या तसं आहे. सर म्हणाले होते, "काय फील आलाय!"

उद्घाटनानंतर सरांनी कागद दिला. अक्काची संमती, मागची तारीख टाकलेली. "अंगठा घेऊन ये. तिला कुठं वाचता येतंय."

मी तो कागद घेऊन गावी गेले. गेले, हे लपवत नाही. अक्का भाकरी थापत होती. कागदाकडे तिनं पाहिलंही नाही. "ते मनी पोरनं गानं शे," म्हणाली. "तुले माहीत व्हतं."

फाडणार होते कागद. नाही फाडला. तोच पुरावा आहे.

परत येऊन सरांना सांगितलं, "अंगठा मिळणार नाही. आवाज तिचाय. मी चोरून आणला."

"नोकरी जाईल. वर तूही अडकशील."

"अडकू द्या."

नोकरी गेली. अक्का माझ्याशी बोलत नाही. हळदीचं बोलावणं आलं तर दार लावून घेते. गात नाही. मी माफी मागितलेली नाही. तिनं माफ केलं तर मी मोकळी होईन, आणि मला मोकळं व्हायचं नाही.

काल पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाले, "आवाज चोरीला गेला? असं कसं लिहायचं, ताई?" तक्रार घेतली नाही. आज मी घरूनच लिहून आणलीय. चोरणाऱ्यांत पहिलं नाव माझं. दुसरं सरांचं. आणि सगळ्यात वर, आवाजाची मालकीण म्हणून, अक्काचं पूर्ण नाव. आज घेतली नाही तर उद्या येईन. परवाही येईन.