डसिनडेलहून परतलेले ऑस्बर्टकाका

कुंपण लावावं तर आमच्या ऑस्बर्टकाकांनी. जमीनदार थॉर्नडेनने गावाचं गायरान घशात घातलं, तेव्हा भोवतीची काटेरी झुडपं त्यांनीच लावली. दोन वर्षांत आमच्या गायींची हाडं दिसायला लागली. मग सगळा नॉर्फोक परगणा जमीनदारांविरुद्ध पेटला आणि त्या कुंपणावर पहिला कोयता काकांनीच चालवला.

ते आणि माझे वडील ह्यू सात आठवडे नॉर्विचबाहेरच्या माळावर हजारो बंडखोरांबरोबर तळ ठोकून राहिले. ऑगस्टअखेर राजाचं सैन्य भाडोत्री जर्मन घोडेस्वार घेऊन आलं. डसिनडेलच्या खोलगटात आपलाच जय होणार, असं कुणीतरी भविष्य सांगितलं होतं. लोक तिथं उतरले. चर खणला, खुंट ठोकले, आणि पकडलेले जमीनदार साखळीने त्या खुंटांना बांधून ढालीसारखे पुढे उभे केले. काकांसमोर नेमका थॉर्नडेन.

"ऑस्बर्ट, माझी पोरं तुला ठाऊक आहेत रे!"

"आमची तुम्हाला ठाऊक नव्हती, साहेब?"

तेवढ्यात बंदुका सुटल्या. आपली रांग फुटली, घोडे आत घुसले. काकांनी खुंट तोडला आणि थॉर्नडेनला साखळीसकट चरात ओढलं. दहा पावलांवर माझे वडील पडले.

नंतर गावोगाव फाशी सुरू झाली. थॉर्नडेनने शब्द टाकला म्हणून काका वाचले. ते दारात आले, तेव्हा आई उठलीसुद्धा नाही.

"भावोजी, त्याला ओढलंत. मग तुमच्या भावाला?"

"तो हाताशी होता, सेसिली. मी विचार केलाच नाही."

"करायचा होतात."

काका उंबऱ्यावरूनच मागे फिरले.

पानगळीत थॉर्नडेनचं बोलावणं आलं. कुंपण पुन्हा लाव म्हणाला.

"माझ्यामुळे तुझी मान शाबूत आहे, विसरू नकोस."

"ती घ्या हवी तर," काका म्हणाले. "कुंपण नाही लावणार."

थॉर्नडेनने मान घेतली नाही. दुसरा माणूस आणला. कुंपण उभं राहिलं, आजही आहे.

काकांना मग आसपास कुणी काम देईना. ते पाणथळीत छपरांसाठी बोरू कापायला लागले आणि दर शनिवारी आमच्या दाराशी सर्पणाची मोळी ठेवून निघून जायचे. आई ती उचलायची, पण त्यांचं नाव काढायची नाही. तिसऱ्या हिवाळ्यात एकदा बर्फात ते आमच्या दाराशीच घसरून पडले. आईने दार उघडलं.

"आत या, भावोजी. कालवण गरम आहे."

काका जेवले. जेवताना कुणीच वडिलांचा विषय काढला नाही.