गोरी वहिनी आणि आयेचा दम

चारकोपच्या बाजारात उसाच्या रसाचा गाडा. त्याच्यासमोर एक उंच, तांबड्या केसांची गोरी बाई घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन उभी. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात चिमुकलं रेकॉर्डर. चरकाला बांधलेल्या घुंगरांपाशी ते धरून डोळे मिटून ऐकतेय. रसवाला खूश, मागची गिऱ्हाइकं वैतागलेली. कोणी म्हणालं, "मॅडम, जरा बाजूला व्हा ना," की ही डोळे न उघडता बोट वर करणार, "गप रवा!" तेही मालवणीत. बोलणाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच. आमच्या गोऱ्या वहिनीचं पहिलं दर्शन सेक्टरातल्या बहुतेकांना हे असंच झालं.

नाव नोरा. आयर्लंडची. माझा शाळेपासूनचा दोस्त संजू तिकडे नोकरीला गेला आणि लग्न करून बसला. इकडे त्याचे वडील वारले, त्याची आई, आम्हा सगळ्यांची आये, एकटी पडली, म्हणून दोन वर्षांसाठी बायकोला घेऊन परत आला, तो सात वर्षं राहिला. नोराला मराठी शिकवलं सासूने, आणि आये मालवणीशिवाय दुसरं काही बोलायची नाही. त्यामुळे आमच्यासारखं कोणी बोलायला लागलं की नोरा कपाळाला आठ्या घालायची. "ता बातम्यांतला मराठी माका कळणा नाय." मी संजूचा दोस्त, म्हणून मी भावजी. सगळा सेक्टर तिला गोरी वहिनी म्हणायचा, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

पहिल्याच महिन्यात घराबाहेर पडताना ती "जातंय" म्हणाली. आयेने हातातलं लाटणं तसंच धरून तिला दारातून मागे बोलावलं. "जातंय म्हणू नये गो. येतंय म्हणूचा." त्या दिवसापासून नाक्यावर कोथिंबीर आणायला निघाली तरी दोनदा "येतंय हां, येतंय" करायची आणि आयेने आतून "ये" म्हटल्याशिवाय चपला घालायची नाही.

ती गाणारी होती हे मला कितीतरी दिवस ठाऊकच नव्हतं. संजू महा घुम्या. एकदा सहज त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. धूर, निळे दिवे, चंदेरी कोट घातलेली एक पोरगी एकटीच उभी. वाजवणारा कोणी नाही, समोर फक्त दोन-तीन यंत्रं, आणि त्यातून निघणाऱ्या ठोक्यांवर ती असा काही आवाज लावतेय की खाली मैदानातली हजारो माणसं हात वर करून उभी. मी म्हटलं, "कोण रे ही?" तो म्हणाला, "अरे, आत भाकऱ्या थापतेय ना, ती."

एकोणिसाव्या वर्षी एका दारूच्या दुकानावरच्या खोलीत तिने पहिलं गाणं केलं होतं. ते तिकडच्या प्रत्येक रेडिओवर वाजलं. पहिला अल्बम धो धो चालला, दुसरा आपटला, आणि तिसरा करता करता घशात गाठी आल्या. ऑपरेशन झालं. गाठी गेल्या आणि आवाजही गेला. बोलायला राहिला तो खरखरीत, बसका. गायला चार ओळींच्या पुढे जाईना. हे सगळं तिने मला कधी रडून सांगितलं नाही. बांगडे साफ करता करता सांगितलं. तिचं गाव समुद्रावरचं, बाप मासे धरणारा. बांगडा आमच्या संजूपेक्षा हीच छान साफ करायची.

आता माझं सांगतो. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक गाळा आहे, त्यात स्टुडिओ. गणपतीची गाणी, भजनी मंडळं, लग्नाच्या फिती, निवडणुकीच्या घोषणा. बाहेर पाटी आहे, 'येथे आवाज साफ करून मिळेल'. ह्या कामात मी उस्ताद. खोकला, पंख्याची घरघर, मागे ओरडणारा भाजीवाला, सगळं असं काढतो की पत्ता लागणार नाही. तीस वर्षं हेच केलं. आणि तीस वर्षांत एकाही मुखपृष्ठावर माझं नाव छापून आलं नाही. गायकाचं येतं, पेटीवाल्याचं येतं, ज्याने पैसे दिले त्या नगरसेवकाचा तर फोटो येतो. आमच्या नावाला जागाच उरत नाही. मी हे रडगाणं येईल त्याच्यापाशी गायचो. एकदा वहिनीपाशी गायलो. ती म्हणाली, "माझ्या गाण्याखाली तुमचा नाव घालतलंय, भावजी." मी हसलो. म्हटलं, आधी गाणं तर होऊ दे.

ती माझ्याकडे दुपारच्या वेळी येऊन बसायची आणि माझ्या कामात नाक खुपसायची. मी खोकला काढला की हळहळायची. एका भजनी बुवांचं ओळीआधीचं घसा खाकरणं मी उडवलं, तर माझ्यावर चक्क ओरडली. "घर झाडतास तसा गाणा झाडतास तुम्ही!" मी पण गप बसणारा नाही. म्हटलं, "वहिनी, लोक गाणं ऐकायला पैसे देतात, कफ ऐकायला नाही." आमची ही भांडणं चहा गार होईपर्यंत चालायची. संजू म्हणायचा, तुम्ही दोघं एकमेकांच्या पोटावर उठलाय.

गणपतीत त्यांच्या घरी देवापुढचं गाऱ्हाणं आये स्वतः घालायची. खरं तर ते घरातल्या जाणत्या पुरुषाचं काम. पण संजूचे वडील गेल्यावर आये म्हणाली, देवाशी बोलूक माका लाज नाय. हात जोडून ती सुरू करायची आणि आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचो. त्यात सगळ्यात मोठ्ठा, बसका "व्हय म्हाराजा" वहिनीचा. एका वर्षी आये मधेच थांबली, सुनेकडे बघितलं आणि म्हणाली, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचो आवाज दूरदेशी अडाकलो आसा, तो सोडव रे म्हाराजा." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्यात वहिनीचा "व्हय म्हाराजा" नव्हता.

आयेला दम्याचा त्रास जुनाच. उभं आयुष्य रॉकेलच्या स्टोव्हपुढे गेलेलं. त्या वर्षी तो वाढला. चार शब्द बोलली की थांबायची, छातीतून घर्र असा आवाज यायचा, मग पुढचे चार शब्द. एक दिवस मी तिथे चहा पीत बसलो होतो. आये खाटेवर, वहिनी तिचे पाय चेपतेय. आये म्हणाली, "तुझो आवाज गेलो ना, मगे माझो घे. माका आता कित्याक व्हयो?" आम्ही हसलो. वहिनी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने रेकॉर्डर आयेच्या उशाशी ठेवलं.

पाच महिने ती आयेला टिपत होती. आयेची गाऱ्हाणी, शिव्या, माहेरच्या भावाला घातलेल्या हाका, लहानपणीची बडबडगीतं. आयर्लंडातल्या कुठल्याशा छोट्या कंपनीने तिचा अल्बम काढायचं कबूल केलं होतं. अकरा वर्षांनी! वहिनी एरवी गंभीर बाई, पण त्या दिवसांत माझ्या गाळ्यात येऊन खुर्चीवर गोल फिरायची. मला म्हणायची, "ठेको गावलो, भावजी." कसला ठेका सापडला, ते मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात ठेका यंत्रात असतो, बटण दाबलं की येतो. विचारायला हवं होतं. आज जिवाला खातं ते हेच.

आये गेली. सकाळी, चहा प्यायच्या आधी.

तेरावं झालं आणि चार दिवसांनी वहिनी रेकॉर्डरमधलं कार्ड घेऊन आली. तिचा लॅपटॉप बंद पडला होता, त्यातलं सगळं गेलं होतं; उरलं ते ह्या कार्डात. म्हणाली, हे तुमच्या मशिनवर नुसतं उतरवून ठेवा. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. मला भडभडून आलं. वाटलं, ह्या पोरीसाठी आपण काय करू शकतो? आपल्याला एकच गोष्ट येते. मी दोन दिवस गाळ्याचं शटर अर्धं ओढून बसलो, दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. पंखा काढला, कुकरच्या शिट्ट्या काढल्या, रिक्षा काढल्या. आणि आयेच्या प्रत्येक शब्दामागची ती घर्रघर्र, तो दम, एक एक करून काढला. मधल्या मोकळ्या जागा जोडून घेतल्या. आये पंचवीस वर्षांनी तरुण झाल्यासारखी खणखणीत बोलायला लागली. ऐकताना मीच रडलो.

माझ्या स्टुडिओची एक पद्धत आहे. साफ केलेली फाइल त्याच नावाने, जुनीच्या जागी ठेवायची. गिऱ्हाइकाला दोन फाइली दिल्या की तो नेमकी चुकीची लावतो. आणि कार्ड कोरं करून परत द्यायचं, म्हणजे त्याला पुन्हा वापरता येतं. लोक त्यासाठी मला दुवा देतात. हेही मी तसंच केलं.

वहिनी आली. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन दिला आणि मागे उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, शाबासकीसाठी उभा राहिलो. ती ऐकत होती. पहिलं गाऱ्हाणं संपलं. दुसरं. मग तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आये खय आसा?"

आये कुठे आहे म्हणून विचारतेय, मला वाटलं दुःखाने. म्हटलं, "ही काय वहिनी, किती स्वच्छ..."

"ह्यो आयेचो आवाज. आये खय गेली?"

मग तिने मोडक्या मालवणीत, मधे मधे इंग्रजीत मला समजावलं. रागाने नाही, अगदी मुलाला समजावतात तसं. आयेचो दम, तोच ठेको. आयेचे चार शब्द, मग दम, मग चार शब्द. त्या दमाच्या लांबीवर तिने सगळी गाणी बांधली होती. पाच महिन्यांत दम कसा लांबत गेला, तसा अल्बम हळू हळू होत जाणार होता. शेवटच्या गाण्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. शेवटची फाइल मी बघितली. चाळीस मिनिटांची होती, माझ्याकडे ती अडीच मिनिटांची झाली होती.

"कार्ड?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. वाट लागली होती, आणि ती मी माझ्या हाताने, जीव ओतून लावली होती.

मी ते कार्ड आणि माझ्या मशिनची डिस्क घेऊन अंधेरीला पुसलेलं परत काढून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो, मग घाटकोपरला दुसऱ्याकडे. माझी पद्धत इतकी पक्की की मागे काहीच राहिलं नव्हतं. संजूच्या मोबाइलमध्ये आयेच्या वाढदिवसाची एक चित्रफीत होती. तिच्यात टाळ्या होत्या, केक होता, आये एक शब्दही बोललेली नव्हती. संजूने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "तू चांगल्यासाठीच केलंस रे." ह्या वाक्याने माणूस आयुष्यभर मरतो.

वहिनी एकदाच परत आली. म्हणाली, माइक लावा. काचेपलीकडे उभी राहिली आणि आयेचा दम स्वतः घ्यायला लागली. तिच्या कापलेल्या घशातून घर्र असा आवाज निघाला, आणि माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब! मी आतून हात हलवून सांगितलं, जमतंय, जमतंय. तिने तीस-चाळीस वेळा केलं. मग डोळे पुसले, माइक बाजूला सारला. "नाय, भावजी. ह्यो माझो दम. आयेचो नाय." मी म्हटलं, कोणाला कळणार आहे? तिथे मी पुन्हा एकदा तीच चूक केली होती.

कंपनीने काही महिने वाट बघितली आणि नाद सोडला. अल्बम झालाच नाही. आयेच्या नंतर इथे राहण्यासारखं काही उरलंही नव्हतं. संजूने परत आयर्लंडला बदली मागून घेतली, घर विकलं. निघायच्या दिवशी बॅगा टॅक्सीत चढवून झाल्यावर वहिनी माझ्या पाया पडायला वाकली. आयेने शिकवलेलं, मोठ्यांना नमस्कार केल्याशिवाय निघायचं नाही. मी मागे सरलो. म्हटलं, माझ्या पाया नको गं. तरी ती पडलीच. मग सरळ उभी राहून म्हणाली, "जातंय, भावजी."

मी वाट बघत राहिलो, आता सुधारेल, आता "येतंय" म्हणेल. टॅक्सी वळली.

पाटी अजून आहे. पोट कोणाला चुकलंय? पण त्यानंतर मी एकही कार्ड कोरं करून दिलेलं नाही, जुनी फाइल पुसलेली नाही. लोक हसतात. हसू देत.

वर्षभराने संजूचा निरोप आला, सोबत एक लिंक. वहिनीने एकच गाणं, स्वतःचं स्वतःच, कुठल्याशा संकेतस्थळावर चढवलं होतं. मी गाळ्यात शटर ओढून लावलं. आयेचे चार शब्द, मी साफ केलेले, खणखणीत. मग काहीच नाही. पुन्हा चार शब्द. पुन्हा काहीच नाही. प्रत्येक दम किती लांब होता हे त्या बाईला पाठ होतं, आणि तिने तेवढी तेवढी जागा रिकामी सोडली होती. पुढे पुढे ती जागा वाढत जाते. माझा हात सवयीने कापायच्या बटणाकडे गेला, मी तो मांडीखाली दाबून धरला. शेवटी आये म्हणते, सोडव रे म्हाराजा. खूप वेळ काही येत नाही. मग वहिनीचा बसका, एकटा, "व्हय म्हाराजा."

खाली तिथल्या ऐकणाऱ्यांनी लिहिलं होतं, मधली शांतता फार सुंदर आहे. त्यांना काय माहीत?

आणि गाण्याच्या नावाखाली तिने बारीक अक्षरात दोन ओळी घातल्या होत्या. आवाज: आये. शांतता: भावजी.

तिने दिलेला शब्द पाळला की मला शिक्षा दिली, मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव गाण्याखाली आलं, आणि मी ते घरात कोणालाही दाखवलेलं नाही.